हलका हात

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्याच्या हातातून वस्तरा पडला. झालं ते एवढंच. एकसष्ट वर्षांचं वय, त्यातली त्रेचाळीस वर्षं याच खुर्चीमागे गेलेली, आणि तेवढ्या काळात हातून कंगवे पडले होते, पावडरचे डबे पडले होते, एकदा आरसासुद्धा पडला होता, पण उघडा वस्तरा कधी पडला नव्हता. खुर्चीत गणिताचे सर होते, बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, निवृत्त होऊनही 'सर'च राहिलेले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल डोळ्यांवर घेऊन, मान मागे टाकून ते निवांत पडले होते. दोन्ही गाल झाले होते, गळ्यावर फेस होता, आणि तो हनुवटीखालून पहिला हात फिरवणार एवढ्यात हात नाहीसा झाला. आरशात दिसत होता, खुंटीवर टांगलेल्या एप्रनसारखा खांद्याखाली लोंबत होता, पण त्याचा म्हणून नव्हता. वस्तरा सरांच्या छातीवरच्या कापडावर पडला होता. 'सर, एक मिनिट,' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. शब्द त्याला माहीत होते, समोर दिसतही होते, तोंडातून मात्र नुसतं 'हं' आलं, आणि पुन्हा 'हं'. रेडिओवर बाई हवामान सांगत होत्या, पण ते कोणत्या भाषेत ते त्याला कळेना. पलीकडच्या खुर्चीपाशी धाकटा भाऊ कात्री वाजवत कुणाला तरी किस्सा रंगवून सांगत होता. मग बोटांना मुंग्या आल्या, हवामान संपून जाहिरात लागली, ती भिंतीच्या रंगाची आहे हेही कळलं, आणि हात परत आला. त्याने वस्तरा उचलला, पुसला आणि म्हणाला, "पाणी गार झालं सर, बदलून आणतो." सर टॉवेलखालून 'हूं' म्हणाले. उरलेली दाढी त्याने त्याच हाताने केली, आणि छान केली. कापडाला दोन बोटं लांबीची चीर पडली होती. ते कापड त्याने घडी करून पिशवीच्या तळाशी कोंबलं, आणि कापडाखाली काय झालं ते बघायचं टाळलं.

त्या दिवशी त्याने आणखी सहा दाढ्या केल्या. पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःची लाज वाटली ती वस्तरा पडल्याची नव्हे, या सहांची. पण त्या घटकेला लाज वगैरे काही नव्हतं, नुसती भीती होती, आणि भीतीचा स्वभावच असा की ती माणसाला कालच्यासारखंच वागायला लावते. जबड्याखाली, कानाच्या पाळीपासून चार बोटं खाली, एक जागा असते. तिथली कातडी आतून टकटक हलते. बाकीच्या जगाला ती जागा ताप आल्याशिवाय आठवत नाही, त्याचं मात्र सगळं आयुष्य तिच्यावरून वस्तरा फिरवण्यात गेलं होतं. हे शिकवलं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी. त्यांनी त्याला माणसाआधी फुगा दिला होता. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा. "दाबायचं नाही," अण्णा म्हणायचे. "वस्तऱ्याला त्याचं वजन पुरे आहे, तुझं देऊ नको. तीन बोटं आणि अंगठा, करंगळी मोकळी. चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं." फुगा फुटला की ते शांतपणे म्हणायचे, "मेला एक." पहिला माणूस खुर्चीत बसायच्या आधी त्याने चौदा जणांना मारलं होतं. पण नंतर जो हात बसला तो बसला. गावभर त्याचं नाव झालं ते हलक्या हाताचं. दाढी झाली हे आरशात बघितल्यावर कळतं, असं लोक म्हणायचे आणि त्याला ते ऐकायला आवडायचं.

बुधवारी तो रोजच्यापेक्षा तासभर आधी दुकानात गेला, शटर अर्धंच उघडलं आणि डाव्या हाताने फुग्याची दाढी करू लागला. असं कुणी वेडं करतं का, हा प्रश्न त्यालाही पडला होता. पण उजवा गेला तर डावा तयार असावा, एवढाच हिशेब त्याच्या घाबरलेल्या डोक्याला जमत होता. पहिल्या सकाळी तिघे मेले. फुटलेल्या रबराचे तुकडे केराच्या डब्यात टाकले तर भाऊ विचारणार, म्हणून खिशात घातले, आणि संध्याकाळी ते बायकोच्या हाती लागले. "अहो, हे काय? कुणाचा वाढदिवस होता?" त्याने वेळ मारून नेली. म्हणाला, दुकानात एक पोर रडत होतं, त्याला फुगा दिला. "आणि फुटल्यावर परत मागून घेतलात?" असं म्हणून ती हसली. तोही हसला, पण हसता हसता त्याने ओठ दोन्ही बाजूंनी सारखे वर जाताहेत ना हे समोरच्या कपाटाच्या काचेत बघून घेतलं. कारण त्याला अण्णा आठवत होते. दुकानातलेच अण्णा असते तर बरं होतं, त्याला आठवत होते खिडकीतले. अठ्ठावन्नाव्या वर्षी झटका आला तेव्हा अण्णांचा उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले, एक सोडून. उरलेला शब्द होता 'पुढचा'. दुकानात एक गिऱ्हाईक उठलं की ते बाकावर बसलेल्यांकडे न बघता म्हणायचे, 'पुढचा'. नऊ वर्षं ते खिडकीत बसून होते आणि नऊ वर्षं त्यांनी पाणी मागितलं ते 'पुढचा' म्हणून, दुखलं तेव्हा विव्हळले ते 'पुढचा' म्हणून, आणि आई गेली त्या दिवशी तिच्या पायांना हात लावून रडताना म्हणाले तेही 'पुढचा'. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. त्याला मात्र त्या वेळी, ऐन दुःखात, हसू फुटेल अशी भीती वाटली होती.

डॉक्टरांकडे तो आपण होऊन गेलाच नसता. पण दर वर्षी रक्तदाब तपासायला नवऱ्याला घेऊन जायचं हे बायकोचं ठरलेलं होतं आणि या वर्षीची तारीख नेमकी त्या गुरुवारची होती. नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, आणि जाता जाता सहज म्हणून नळी गळ्यावर ठेवली. तशीच ठेवून राहिले. बाकीच्यांना काही ऐकू येत नव्हतं, पण त्या खोलीत डॉक्टर काहीतरी ऐकताहेत हे इतकं ठळक दिसत होतं की बायकोने पर्सचं बक्कल उघडायचं तसंच सोडलं. "डाव्या बाजूला सूं आवाज येतोय," ते म्हणाले. "अरुंद जागेतून रक्त जोरात गेलं की येतो." त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. तिथल्या मुलीने गार चिकट जेल गळ्यावर चोपडलं आणि लहानसं यंत्र जबड्याखालून सरकवत नेलं. तो मनात म्हणाला, फेस जास्त झालाय, आणि धार उलटी फिरतेय. मेंदूकडे जाणारी डावीकडची मोठी रक्तवाहिनी ऐंशी टक्के बुजली होती. मोठ्या डॉक्टरीण बाईंची वेळ दुसऱ्या दिवशीचीच मिळाली, आणि एवढ्या लवकर वेळ मिळाली याचीही त्याला भीती वाटली.

या बाईंनी नखं अगदी मुळाशी कापलेली होती, ते त्याला आवडलं. त्यांनी दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली ती थेट त्या टकटकणाऱ्या जागी, न शोधता. मग कागद ओढून त्यांनी रस्त्याला फाटा फुटावा तसं चित्र काढलं, आणि फाट्याच्या थोडं वर पेनाने गिरवून काळं केलं. "हा चरबीचा आणि चुन्याचा थर आहे. नुसता असला तर गोळ्यांवर भागतं. धोका असा की यातला एखादा कण सुटतो आणि वर मेंदूत जाऊन अडकतो. डावी बाजू म्हणजे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून नीट आठवून सांगा, काका. गेल्या काही दिवसांत, भले मिनिटभर का होईना, हात लुळा पडला होता? शब्द अडकला? हातातून काही पडलं?"

खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा सेकंदकाटा टिकटिक न करता सरकणारा होता, त्यामुळे किती वेळ गेला हे त्याला कळलं नाही. बायको त्याच्याकडे बघत होती, तसं काही झालेलंच नाही अशा खात्रीने. सांगायचं म्हणजे वस्तरा पडला हे सांगायचं, आणि वस्तरा कुणाच्या गळ्यापाशी होता हेही सांगायचं. मग त्यानंतरच्या सहा जणांचं काय? भाऊ एक शब्द बोलणार नाही, पण उद्यापासून आपल्या पहिल्या खुर्चीवर चादर घातली जाईल आणि आपण अण्णांसारखे खिडकीत बसू. "नाही," तो म्हणाला. "तसं काही नाही." शब्द स्वच्छ आला, न अडकता, आणि त्याला क्षणभर त्याचाच आनंद झाला. बाई म्हणाल्या, "मग घाई नाही. लक्षणं नसताना उगाच आत हात घालायचा नाही. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी परत बघू." बायकोने सुटकेचा श्वास टाकला, आणि तिला सगळं समजून घ्यायची हौस, म्हणून विचारलं, समजा पुढे करावंच लागलं तर काय करतात? बाईंनी सांगितलं. जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे गळ्यावर छेद द्यायचा, रक्तवाहिनी उघडून थर खरवडून काढायचा. पण यांचा अडथळा फार वर, जबड्याच्या आड आहे, तिथे सुरी पोचायला अवघड. दुसरी, हल्लीची, गळ्याखालच्या हाडाशी लहानशी चीर देऊन, रक्ताचा प्रवाह तेवढ्यापुरता उलटा फिरवून करायची. ती इथे होत नाही, दूरच्या इस्पितळात जावं लागेल. आणि तिसरी, जांघेतून. "तिथे सुईएवढं भोक. त्यातून तार वर गळ्यापर्यंत न्यायची. अडथळ्याच्या पलीकडे बारीकशी छत्री उघडायची, सुटलेला कण तिच्यात अडकावा म्हणून. मग जाळीची नळी बसवायची, आणि ती पुरती उघडावी म्हणून आत एक फुगा फुगवायचा." "फुगा?" त्याने विचारलं. "फुगाच. पाच-सहा सेकंद." बायको हसून म्हणाली, "यांना फुगे आवडतात." मेला एक, मेले दोन, असं त्याच्या मनात कुणीतरी मोजायला लागलं होतं. बाहेर पडताना त्याने विचारलं, यात काही बिघडतं का कधी. बाई सरळ म्हणाल्या, "शंभरात दोघातिघांना, झटका टाळायला गेलो आणि तिथेच आला, असं होतं."

शनिवार, रविवार, सोमवार हे तीन दिवस त्याने गोळ्यांवर आणि खोट्यावर काढले. जेवताना घास तोंडात घालायच्या आधी बोटं हलवून बघायची, रस्त्यावरच्या पाट्या मनातल्या मनात वाचायच्या आणि वाचता आल्या की पुढच्या पाटीपर्यंत सुखी राहायचं. एकदा न्हाणीघरात दार लावून त्याने आरशासमोर जोरजोरात शब्द म्हणून बघितले: ब्रश, तुरटी, कात्री, बायको, भाऊ. 'पुढचा' तेवढा म्हटला नाही. तो शब्द त्याने दुकानातही सोडला होता. गिऱ्हाईक उठलं की हाताने खूण करायचा. भाऊ म्हणाला, "दादा, तू आजकाल वाहतूक पोलिसासारखा वागतोस." दाढ्याही तो भावाकडे सरकवत होता, पाठ दुखते असं सांगून. तीन दिवसांत त्याने एकाच्याही गळ्याला वस्तरा लावला नाही. खोटं पचतंय असं वाटायला लागलं होतं. आणि मग मंगळवार आला, सरांना घेऊन, ठरल्याप्रमाणे सव्वादहाला.

सर धाकट्याकडे गेले नसते, हे सांगायला नको. ते पहिल्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली. तो कापड बांधायला वाकला आणि थांबला. शर्ट तोच होता, फिकट निळा, बारीक रेघांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये, बरोबर दोन बोटं लांबीची शिवण होती. निळ्या कापडावर पांढरा दोरा, टाके एकसारख्या अंतरावर, गणिताच्या माणसाने घालावेत तसे. सरांच्या पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. त्याने सरांच्या तोंडाकडे बघितलं, तर सरांनी स्वतःच टॉवेल उचलून डोळ्यांवर ओढून घेतला होता. काय करणार? फेस लावला. वस्तरा पट्ट्यावर घासला. गाल झाले आणि गळा आला, आणि ती जागा टकटकत होती, सरांची जागा, चौऱ्याहत्तर वर्षांची, संथ, एका लयीत. या माणसाला माहीत आहे. माहीत असून गळा वर करून बसला आहे. त्याचा हात थरथरायला लागला. तो थांबला, श्वास घेतला, दोन केसांएवढं अंतर चालला, पुन्हा थांबला. एवढा वेळ त्याला कधी लागला नव्हता. रेडिओवर हवामान येऊन गेलं, जाहिराती येऊन गेल्या, आणि एकदाचा गळा साफ झाला तेव्हा त्याच्या स्वतःच्या पाठीवर शर्ट चिकटला होता.

"आज हात थरथरत होता," सर टॉवेल काढत म्हणाले. आवाज हळू होता, धाकट्याला ऐकू जाणार नाही इतका.

"थंडी आहे सर."

"त्या दिवशी थरथरलासुद्धा नाही. सरळ खाली आला."

तो तुरटी शोधू लागला. ती समोरच होती.

"मग परत आलात कशाला?" त्याने विचारलं. विचारताना रडूच यायचं बाकी होतं.

"मंगळवार होता," सर म्हणाले. मग गळ्यावर हात फिरवत, "वाटलं, आज तरी सांगाल. मला नाही तर कुणाला तरी. मी काही रागावलो नाही हो. माझी बायको तीन महिने म्हणत होती, काही नाही, अपचन आहे."

सर उठले, आणि बाकावर कुणीच नव्हतं. तो खुर्चीमागे उभा राहिला. बावीस वर्षांत सरांनी त्याला कधी काही शिकवलं नव्हतं, आणि आता शिकवलं ते असं, गळा पुढे करून. त्याला त्यांचा राग आला, खूप आला. त्यांनी आरडाओरडा केला असता, गावभर केलं असतं, तर बरं झालं असतं. मग त्याने वस्तरा मिटला, भावाला म्हणाला, "माझी खुर्ची बघ," आणि एप्रनसकट घरी गेला. बायको कपडे वाळत घालत होती. त्याने दारातच सगळं सांगितलं, वस्तरा, हात, 'हं', सहा दाढ्या, फुगे. ती ओला शर्ट हातात धरून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तिथे माझ्यासमोर नाही म्हणालात. मी केवढी खूश झाले होते." आणि मग लगेच, "चला, चप्पल घाला."

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तारखा मोजल्या, आणि त्या मोजतानाचा त्यांचा चेहरा रागापेक्षा वाईट होता. एकदा असा इशारा मिळाला की पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे, त्यातला एक गेला होता. दूरच्या इस्पितळाची वाट बघण्यात अर्थ नाही, जांघेतून करू, परवाच. "आणि तुम्ही जागे असाल," त्या म्हणाल्या. "भूल फक्त जांघेपुरती. तुम्ही जागे राहून बोललात आणि हात हलवलात, तरच मला कळणार वर सगळं ठीक आहे." तोपर्यंत त्याला वाटत होतं की झोपवतील, आणि उठेन तेव्हा जे असेल ते असेल. जागं राहून ते येताना बघायचं, ही कल्पना त्याने केली नव्हती. आदल्या संध्याकाळी वॉर्डात नर्स आली आणि त्याच्या उजव्या हातात एक रबरी बदक दिलं, पिवळं, लहान मुलं पाण्यात घेतात तसं. "हे दाबून दाखवा, काका." त्याने दाबलं. बदक चीं करून ओरडलं, शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला आणि बायकोला इतक्या दिवसांनी हसू आलं. "उद्या मॅडम 'दाबा' म्हणाल्या की असंच. हे वाजलं की आम्हाला समजतं हात आहे." धाकटा आला होता. खाटेच्या कडेला बसला आणि निघताना म्हणाला, "दादा, खुर्चीवर चादर नाही घातली मी. बसतात तिथे लोक. मी दोन्हीकडे करतो." हे बोलून तो घाईघाईने गेला.

खोली गार होती आणि टेबल अरुंद. त्याची मान मागे टाकून, डोकं दोन्ही बाजूंनी उशांमध्ये अडकवून ठेवलं होतं. "हलू नका," कुणीतरी म्हणालं, आणि त्याला वाटलं आपणच बोललो. तीच पट्टी, तोच आवाज, त्रेचाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वाकून काढलेला. जांघेत टोचलं, मग नुसतं ओढल्या-ढकलल्यासारखं. डॉक्टरीण बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बोटांत तार होती. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त ती बोटं बघत होता. तीन बोटं आणि अंगठा. करंगळी मोकळी. अण्णांनी बघितलं असतं तर मान डोलावली असती. एकदा गरम पाण्याची लाट गळ्यातून डोक्यात शिरली, दातांना लागली, डोळ्यांमागे पसरली, आणि बाई म्हणाल्या, "औषध आहे ते, पडद्यावर दिसण्यासाठी. दाबा." त्याने दाबलं आणि चीं झालं. "छत्री उघडली. दाबा." चीं. "जाळी बसली. आता फुगा, काका. गळ्यात दाटल्यासारखं होईल, घाबरू नका."

फुगा आत फुगला तेव्हा जबड्याखाली, बरोबर त्या जागी, आतून कुणीतरी अंगठा दाबला. ज्या जागी कधी दाबायचं नाही त्या जागी. कानाशी ठोके ऐकू येत होते ते लांब लांब पडायला लागले, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. उजेड मागे मागे जायला लागला. "दाबा," बाई म्हणाल्या. त्याने दाबलं, आणि आवाज आला नाही. त्याला नीट कळत होतं की आपण दाबतो आहोत, बोटांत रबर लागत होतं, आणि खोलीत काहीच वाजत नव्हतं. "दाबा, काका." नाही. कुणीतरी झरकन त्याच्या हाताशी वाकलं. "ठोके उतरताहेत, इंजेक्शन द्या. फुगा सोडतेय मी. काका, बोला, काहीतरी बोला माझ्याशी." त्याच्या तोंडात शब्द होता. एकच होता, तो जिभेच्या टोकावर येऊन बसला होता आणि तो कोणता हे त्याला माहीत होतं. तोंड उघडलं की तोच बाहेर पडणार, आणि मग नऊ वर्षं, खिडकी, बायकोला हाक मारायची तरी तोच. त्याने दात घट्ट मिटले. लहानपणीसुद्धा कधी घाबरला नव्हता तसा तो घाबरला, आणि त्या भीतीत त्याची नजर ओढ घेत खाली वळली, हाताकडे.

हात होता. बदक त्याने धरलं होतं तीन बोटांत आणि अंगठ्यात, करंगळी मोकळी, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं. जेवढा जास्त घाबरावा तेवढा हलका, असं त्या हाताला शिकवलं होतं, आणि गळा दिसला नसला तरी गळ्याचं काही चाललंय हे त्याला समजलं होतं. चौदा माणसं मारून मिळवलेला हात दाबायला तयार नव्हता. त्याने करंगळी आत घेतली. मग सगळी बोटं वळवली, उभ्या जन्मात वस्तऱ्यावर वळवली नव्हती तशी, मूठ केली आणि पिळलं. बदक असं किंचाळलं की नर्सच्या हातातला ट्रे खडखडला.

"आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "आहे हात. काका, बोला बघू."

कानाशी ठोके पुन्हा एकामागून एक यायला लागले होते. त्याने ओठ ओले केले आणि तोंड उघडलं. "हात हलका आहे माझा," तो म्हणाला. सगळे शब्द आले, एकही अडकला नाही. "म्हणून वाजलं नाही."

"मग आज जरा जड करा," बाई म्हणाल्या, आणि मास्कमागे मोठा श्वास सोडला. "झालं. वाट मोकळी झाली, छत्री मिटून काढतेय. आता पुरे, काका. आता नका दाबू."

पण तो दाबतच राहिला. तार निघाली, दिवा बाजूला सरकवला, नर्सने हसत त्याची मूठ सोडवायला बघितलं, तरी तो दाबत राहिला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला दारामागून एक बदक न थांबता ओरडताना ऐकू येत होतं.